ॲरिझोनाला खेटून उभं असलेलं जहाज

प्रश्न : पर्ल हार्बरला ॲरिझोना ही अमेरिकी युद्धनौका बुडाली तेव्हा तिच्या बाजूलाच एक रिपेअरवालं जहाज बांधलेलं होतं असं ऐकलं. त्याचं काय झालं? आणि युद्धात अशा जहाजाचा उपयोग काय? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ते व्हेस्टल. मुळात कोळसा वाहायला बांधलेलं, १९१३ला त्याचं रिपेअर शिप केलं, म्हणजे ओतकाम, वेल्डिंग, सुतारकाम असं सगळं वर्कशॉपच जहाजात.

७ डिसेंबर १९४१च्या जपानी हल्ल्यात व्हेस्टलवर दोन बॉम्ब पडले, आणि लगेच ॲरिझोनाचा दारूगोळा फुटला, त्या धक्क्याने व्हेस्टलचे कॅप्टन कॅसिन यंग थेट पाण्यात फेकले गेले. ते पोहत परत आले, बघतात तर माणसं जहाज सोडून निघालेली, सगळ्यांना त्यांनी मागे फिरवलं. ॲरिझोनाशी बांधलेले दोर तोडायचं चाललं होतं तेव्हा व्हेस्टलवरच्या ‘जो जॉर्ज’ नावाच्या खलाशाने ॲरिझोनावर आगीत अडकलेल्या सहा जणांकडे दोर फेकला आणि ते भाजलेल्या हातांनी त्या दोराला लटकत, खाली तेल पेटलेलं असताना, पलीकडे आले. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

व्हेस्टलमधे पाणी भरत होतं म्हणून यंगनी ते मुद्दाम उथळ पाण्यात नेऊन टेकवलं, त्यामुळे वाचलं. स्वतःचं जहाज असं फुटलेलं असताना यांचे लोक उलट्या झालेल्या ओक्लाहोमा युद्धनौकेवर गेले, तिचा तळ कापून आतल्या माणसांना काढायला. मग आपल्याच जहाजाची बरीचशी दुरुस्तीही त्यांनीच केली.

खरा उपयोग कळतो तो १९४२च्या नोव्हेंबरमधे, दक्षिण पॅसिफिकमधल्या नूमेआ बंदरात. एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बॉम्ब खाऊन आलेली, आणि त्या भागात लढायला अमेरिकेकडे तेवढी एकच उरलेली. हवाईपर्यंत परत पाठवायला वेळच नव्हता, व्हेस्टलच्या लोकांनी तिथेच काम काढलं, ते पुरं व्हायच्या आत ग्वादालकॅनाल बेटाकडे लढाईला निघायचा हुकूम आला तर हे कारागीर तिच्यावरच राहिले आणि वाटेत वेल्डिंग करत लढाईत गेले! त्याच लढाईत, १३ नोव्हेंबरला, तोवर सॅन फ्रान्सिस्को या क्रूझर युद्धनौकेचे कॅप्टन झालेले यंग तिच्यावर मारले गेले.

पुढे १९४५ला जपानच्या ओकिनावा बेटाजवळ कामिकाझेंनी, म्हणजे विमानासकट जहाजावर आदळणाऱ्या आत्मघातकी वैमानिकांनी, फोडलेली जहाजंही व्हेस्टलने उभी केली. १९४६ला सेवेतून काढलं, १९५०ला भंगारात विकलं. यंगना मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर काही महिन्यांतच मिळालं, ‘जो जॉर्ज’ला मात्र ब्राँझ स्टार हे पदक मिळालं २०१७ला, तोही मरणोत्तर, याची मला फार चीड येते.