वजन बरोबर, पोट मात्र पुढे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, वय 41, आयटीत आहे, दिवसभर खुर्चीत. उंची पाच फूट सहा इंच, वजन 64 किलो, हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे. दिवाळीपासून रोज रात्री शंभर क्रंचेस मारतोय, घाम काढणारा पट्टा पण ऑनलाइन मागवला, पण पॅन्ट काही सैल होईना. मित्र म्हणतात वजन तर बरोबर आहे, कशाला डोक्याला ताप. काय चुकतंय?
— एक वाचक, हिंजवडी, पुणे

उत्तर : दादा, मित्रांचं राहू द्या. वजन बरोबर असलं म्हणून पोट बरोबर असतं असं नाही, आणि याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण तुमच्या पुण्यातलंच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सेम, 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! म्हणजे आकड्यात दोघं सारखे आणि आतला माल वेगळा. आपल्या लोकांत हे भरपूर दिसतं, स्नायू कमी, चरबी जास्त आणि तीही नेमकी पोटात.

त्यामुळे वजनकाटा थोडे दिवस ठेवा बाजूला आणि शिवणकामाची टेप घ्या. खालची बरगडी जिथे संपते आणि कमरेचं हाड जिथे सुरू होतं त्याच्या मधोमध टेप लावायची, श्वास सोडायचा आणि मोजायचं. पोट आत ओढायचं नाही (सगळे ओढतात, कोणी बघत नसलं तरी ओढतात). पॅन्टचा साइज धरू नका, पॅन्ट आपण पोटाच्या खाली अडकवतो, ती खोटं बोलते. भारतीय पुरुषांना 90 सेंटिमीटरच्या वर आणि बायकांना 80 च्या वर गेलं की धोक्याचं समजतात, कारण मग नुसती कातडीखाली नाही तर आत लिव्हर-आतड्यांभोवती पण चरबी साठलेली असण्याची शक्यता वाढते, आणि डायबेटिस, बीपी, हार्टचा धोका या आतल्या चरबीने जास्त वाढतो. तुमचं 90 च्या वर आलं तर शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी एकदा चेक करून घ्याच.

आता क्रंचेस. त्याने पोटाचे स्नायू घट्ट होतात, पण त्यांच्यावरची चरबी ते स्नायू थेट खात नाहीत हो. शरीर चरबी काढतं ती सगळीकडून, रक्तावाटे, आणि आधी कुठून काढायची ते आपल्याला विचारत नाही. पट्ट्याने जातं ते पाणी, दोन ग्लास प्यायलात की परत आलं. तो पट्टा ओएलएक्सवर टाका.

करायचं काय, तर आठवड्यात तीन दिवस मोठ्या स्नायूंचा व्यायाम. उठाबशा, जोर (जमत नसतील तर भिंतीला टेकून), डंबेल उचलणं, थोडं प्लँक, वीस-पंचवीस मिनिटं पुरे. बाकीचे दिवस झपझप चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या स्पीडने. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं असं चालणं किंवा तसाच व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, चालणं त्या चार दिवसांत चाळीसेक मिनिटं ठेवलंत तर तेवढं यात होऊन जातं. आणि मीटिंग कॉलवरच असेल तर उभं राहून घ्या ना, कोण बघतंय.

पण खरं सांगू का, माझा संशय तुमच्या चहावर आहे. ऑफिसात पाच कप, कपाला दोन चमचे साखर, झाली पन्नास ग्रॅम, म्हणजे 200 कॅलरी, आणि तेवढ्या जाळायला तुम्हाला पाऊण तास झपझप चालावं लागेल. बिस्किटं आणि साडेसहाचा वडापाव मी धरलाच नाहीये! चहा सोडू नका, दोन कप ठेवा, साखर एक चमचा. संध्याकाळी फुटाणे किंवा उकडलेली अंडी. रात्रीच्या ताटात उसळ किंवा घट्ट वरण नीट वाटीभर घ्या, आमटीचं पाणी नाही.

प्रश्न : मुलगी आठ महिन्यांची आहे, पोट अजून पाचव्या महिन्यासारखं दिसतं. सासूबाई म्हणतात पोट बांध, मैत्रीण म्हणते सिटअप्स कर. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं, आत्ता तरी दोघींचंही नको. बांधल्याने आधार वाटतो, चरबी जात नाही. आधी एक बघ, उताणी झोप, गुडघे वाकव, डोकं थोडंसं उचल आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून दाब. मधे दोन बोटांहून जास्त खड्डा लागला तर पोटाचे स्नायू मधून लांब गेलेत, आणि अशात सिटअप्स मारल्या तर पोट मधूनच फुगून वर येतं. फिजिओथेरपिस्टला दाखव, त्या श्वासाचे आणि ओटीपोटाचे व्यायाम शिकवतील. सिझर झालं असेल तर डॉक्टरांनाही विचार. बाळ दूध पितंय तोवर उपाशी राहायचं नाही, पण डिंकाचे लाडू आठ महिने झाले तरी चालूच असतील तर ते आता थांबव, घरात कोणी काही म्हणो.

प्रश्न : सकाळी गरम पाणी, लिंबू, मध घेते. पोट कमी होईल ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. मधाच्या मोठ्या चमच्यात साठेक कॅलरी असतात, उलट वाढतील. आवडत असेल तर मध काढून घ्या.

प्रश्न : वय 53, पाळी बंद झाल्यापासून पोट वाढतंय. सोमवार, एकादशी, चतुर्थी सगळे उपास करते तरी फरक नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित सर सांगतात तसं दिवसात दोनच वेळा जेवू का? शुगरची गोळी चालू आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, पाळी गेली की चरबी मांड्या-कमरेवरून पोटाकडे सरकते, हार्मोनचा खेळ आहे, तुमचा दोष नाही. दोन वेळच्या जेवणाने बऱ्याच जणांचं खाणं आपोआप कमी होतं हे खरं, पण गोळी चालू असताना स्वतःच्या मनाने सुरू करू नका, काही गोळ्यांनी उपाशीपोटी शुगर एकदम खाली येते, डॉक्टर डोस बदलून देतील मग बघा. आणि उपासाचं म्हणाल तर एकादशी अन् दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात कूट, तूप, बटाटा, एक प्लेट सहज चारशे कॅलरीच्या पुढे जाते आणि शुगर वर चढते ती वेगळीच. उपास मोडू नका, खिचडीच्या जागी वाटीभर वरीचा भात, दही किंवा ताक, काकडीची कोशिंबीर असं करा, आणि राजगिऱ्याचा लाडू एकच, डबा जवळ घेऊन बसायचं नाही.