महापेच्या ऑफिसात दोन विंडोज सर्व्हर आहेत, त्यांवर नेटवर्क लोड बॅलन्सिंग कसं बसवायचं?

बसवणं सोपं आहे, डोकेदुखी नंतरची. सर्व्हर मॅनेजरमध्ये नेटवर्क लोड बॅलन्सिंग (एनएलबी, म्हणजे येणाऱ्या रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटून देणारी सोय) रोल्समध्ये शोधत बसू नका, फीचर्सच्या यादीत सापडेल. दोन्ही सर्व्हरवर टाका आणि मग एकाच मशीनवरून एनएलबी मॅनेजर उघडून क्लस्टर (बाहेरून एकच दिसणारा सर्व्हरांचा गट) बनवा. दोघांचे आयपी स्टॅटिक आणि एकाच सबनेटमधले हवेत, क्लस्टरचा आयपी वेगळा. (एका क्लस्टरमध्ये ३२ होस्ट चालतात, तुम्हाला दोन पुरेत.)

आता मोड, म्हणजे क्लस्टरचा ट्रॅफिक सर्व्हरांपर्यंत कसा पोचवायचा ते: युनिकास्ट किंवा मल्टिकास्ट. युनिकास्टमध्ये दोन्ही कार्डांना एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) मिळतो, त्यामुळे स्विचला पोर्ट कळत नाही आणि तो ट्रॅफिक सगळीकडे ढकलतो. सर्व्हर हायपर-व्हीवर (मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) असतील तर नेटवर्क अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये मॅक स्पूफिंग (मॅक पत्ता बदलू देण्याची परवानगी) आधी चालू करा, नाहीतर क्लस्टर बनताच कनेक्शन गेलंच म्हणून समजा. मल्टिकास्ट घेतलात तर काही राउटरवर स्टॅटिक एआरपी (कोणत्या आयपीचा मॅक पत्ता कोणता ही नोंद) हाताने टाकावी लागते. मशीन ऐरोलीच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये ठेवली असतील तर स्विच त्यांचा, तेव्हा आधी त्यांनाच विचारा.

अ‍ॅफिनिटी (कोणता क्लायंट कोणत्या सर्व्हरला चिकटून राहतो ती सेटिंग) बाय डिफॉल्ट 'सिंगल' असते, म्हणजे एका आयपीवरून आलेलं सगळं एकाच सर्व्हरकडे. ठाण्याच्या ब्रँचमधले सगळे एकाच पब्लिक आयपीवरून येत असतील तर अख्खी ब्रँच एकाच सर्व्हरवर जाऊन पडेल, दुसरा माश्या मारत बसेल.

आणि एनएलबी फक्त मशीन जिवंत आहे का ते बघतं. आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) झोपलं तरी रिक्वेस्ट तिकडे जातच राहतात. ते चालणार नसेल तर सरळ पुढे एचए-प्रॉक्सी (वेगळं लोड बॅलन्सर सॉफ्टवेअर) लावा, हेल्थ चेकसकट.