सकाळी कान साफ होतात, मग प्लग कशाला?

प्रश्न : दोन वर्षं ड्रम्स शिकतो आहे. लहानशा खोलीत रोज दोनेक तास सराव होतो. सराव संपवून उठलो की कानांना दडे बसलेले असतात आणि झोपेपर्यंत बारीक शिट्टी ऐकू येते. सकाळी मात्र सगळं साफ. सध्या कापसाचे बोळे घालतो. मित्राचे फोमचे इअरप्लग घालून पाहिले, तर सिंबल्स (झांजा) पांघरुणाखाली ठेवल्यासारख्या वाटल्या आणि मी नेहमीपेक्षा जोरात बडवायला लागलो. प्लग खरंच हवेत का?

उत्तर : 'सकाळी सगळं साफ' हे वाक्य मीही कित्येक वर्षं म्हणत होतो. आज ताप बघताना डिजिटल थर्मामीटर डाव्या कानाजवळ वाजला तर मला कळत नाही. उजवीकडे धरावा लागतो. डावाच का? मी उजव्या हाताचा वादक, हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) कायम डावीकडे, आणि समोरच्या स्नेअर ड्रमकडे बघताना तोच कान पुढे. माझ्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे कोणत्या उंचीचा सूर किती ऐकू येतो त्या तपासणीच्या आलेखात, 4000 हर्ट्झपाशी खड्डा आहे. मोठ्या आवाजाने होणाऱ्या नुकसानाची सुरुवात बहुधा तिथूनच, 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यात होते.

बिघाड कानाच्या पडद्यात नसतो, आतल्या शंखाकृती भागातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींत असतो. प्रत्येक कानात त्या साधारण 15 हजार. माणसात त्या गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दडे बसणं म्हणजे त्या थकल्या आहेत. उंदरांवरच्या 2009 मधल्या एका प्रयोगात आवाजाच्या माऱ्यानंतर ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली, पण केसपेशी आणि श्रवणाच्या मज्जातंतूमधले बरेच जोड कायमचे गेलेले आढळले. तेव्हा सकाळच्या त्या 'साफ'वर फार विसंबू नका.

आता थोडा हिशेब. 85 डेसिबल आवाजात दिवसाला 8 तास, हा कामाच्या ठिकाणांसाठी वापरला जाणारा एक रूढ निकष. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. लहान खोलीत जोरात वाजवणाऱ्याच्या कानाशी 100 सहज ओलांडले जातात. स्नेअरच्या रिमशॉटचं (काठी कातडं आणि कडा दोन्हींवर एकदम आपटण्याचं) टोक तर 120 च्याही वर जातं. तुमचे तास दोन! प्लगने आवाजातून 15 डेसिबल वजा केले तर 100 चे 85 होतात. गरज आहे का, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. कापूस ही वजाबाकी करत नाही. बोळे आजच टाकून द्या.

पांघरुणाची तक्रार मात्र खरी आहे. फोम उंच सूर जास्त खातो आणि खालचे कमी, म्हणून सिंबल्स मरतात आणि बास ड्रम डोक्यात घुमतो. संगीतासाठीच्या फिल्टरवाल्या प्लगमध्ये सगळे सूर जवळपास सारखेच खाली येतात. कानाच्या मापाने बनवून घेतलेल्या प्लगमध्ये 9, 15 आणि 25 डेसिबलचे फिल्टर बदलता येतात. पण ते मिळेपर्यंत फोम सोडू नका, तो नीट घाला. बोटांनी बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. मग ड्रम्स चालू असताना ओंजळींनी कान झाका. आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग बसलेलाच नाही. अर्धवट घातलेल्या प्लगला दोष देणारे किती वादक मला भेटतात!

जोरात बडवण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, ते मला सगळ्यात आवडलं. बहुतेकांच्या हे लक्षातही येत नाही. कानाला सवयीचा कडकपणा मिळाला नाही की हात तो शोधायला जातो. आवाजावरून नको, काठीच्या उंचीवरून जोर ठरवा. स्नेअरवर काठी किती वर उचलायची ते आधी पक्कं करा, आरशासमोर हळू लयीत वाजवा. मला सरावायला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवसावरून निकाल देऊ नका, आणि प्लग पहिल्या ठोक्यापासून घाला. दडे बसल्यावर घालण्यात अर्थ नाही.

रूडिमेंट्स (काठ्यांचे मूळ पाठ) रबरी प्रॅक्टिस पॅडवर करा, खोलीत जाड गालिचा आणि पडदे लावा. एकदा ऑडिओग्राम काढून ठेवा, म्हणजे पुढे तुलनेला काही तरी असेल. आणि कधी एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर सकाळची वाट न बघता लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. अशा वेळी उपचाराला मोजकेच दिवस मिळतात.

प्रश्न : प्रवासात वापरतो ते नॉइज कॅन्सलिंग हेडफोन ड्रम्सवर चालतील का?

उत्तर : नाही. ते इंजिनाच्या घरघरीसारख्या सलग, खालच्या आवाजासाठी असतात. स्नेअरचा फटका त्यांना गाठता येत नाही. बॅटरीविना चालणारे, जाड गादीने बाहेरचा आवाज अडवणारे आयसोलेशन हेडफोन घ्या. चष्मा असेल तर मात्र दांडीपाशी फट पडते. मला आहे, म्हणून मी प्लगवर परतलो.