परडं, पोरं आणि पावसाआधीची तयारी : तुमच्या प्रश्नांची उत्तरं

नमस्कार मंडळी. या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतायत म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तर देतोय. गुहागर तालुक्यातल्या एक ताई लिहितात की मालक मुंबईला, घरी सासूबाई आणि दोन पोरं, मुलगा आठवीत मुलगी चौथीत, घरामागचं दोन गुंठ्यांचं परडं नुसतं गवत वाढून पडलंय, पोरांना शेतीतलं काही म्हणजे काही येत नाही, कुठून सुरुवात करू. देवगडहून एका भाऊंनी विचारलंय, नोकरी सोडून गावी आलोय, भाजीपाल्यावर घर चालेल का. राजापूरकडच्या काकांचा प्रश्न वानरांचा. आणि एका काकूंना नातवंडं सुट्टीला आलीयत तोवर रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, काहीतरी करून दाखवायचंय.

भाऊ, तुमचं आधी सांगतो कारण ते थोडक्यात आहे. पहिल्या वर्षी भाजीवर घर चालवायचा हिशोब मांडू नका. आपल्याकडे सिंधुदुर्गात रोजची भाजी बेळगाव कोल्हापूरहून घाट उतरून येते, ती तुमच्या ताटातली तरी घरची झाली पाहिजे हे पहिल्या वर्षाचं टार्गेट ठेवा, विकायचं नंतर बघू. घरच्यांचा हात बसला, कुठली भाजी आपल्या मातीत येते ते कळलं की मग शेजारी पाजारी आपोआप मागायला लागतात, आणि पैशाची खरी बाजू बघायची तर जोडीला काजू नारळाची दोन चार चांगली झाडं याच पावसात लावून ठेवा.

आता ताई तुमचं. पोरांना शेती शिकवायची म्हणून त्यांना मदतीला बोलवू नका. हे आण, ते धर, पाणी घाल, एवढंच केलं की पोराला वाटतं हे आईचं काम आहे आणि ते कंटाळतं. त्यापेक्षा एकेकाच्या नावावर एकेक वाफा द्या. बी त्यानंच पेरायचं, तण त्यानंच काढायचं, काढणी त्यानंच करायची, आणि त्या दिवशीची भाजी पण त्यानंच चिरून फोडणीला टाकायची, मुलगा असला तरी. बी पासून ताटापर्यंत एकच माणूस लागला तरच ते अंगात मुरतं. वाफा वाळला तर वाळू दे, आपण मधे पडून गुपचूप पाणी घालायचं नाही, पुढच्या वेळी ते स्वतः लवकर उठेल.

वाफे मे संपायच्या आत करून ठेवा, मिरग म्हणजे मृग नक्षत्र लागलं की चिखलात काही होत नाही. रुंदी एक मीटर ठेवायची, जास्त नाही, म्हणजे चौथीतल्या पोरीचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. लांबी तीन मीटर पुरे. उंची मात्र वीतभर पाहिजेच, आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटावरच्या व्हिडिओत दाखवतात तसे सपाट वाफे केले तर मुळं कुजून जातील. मधून पाणी जायला चर काढा आणि चराचं तोंड घराच्या उताराकडे नको. एका वाफ्याला कुजलेलं शेणखत दोन तीन घमेली, आणि बागेतला पालापाचोळा जाळू नका, तो एका कोपऱ्यात खड्ड्यात टाका, वर शेणपाणी मारा, पुढच्या वर्षीचं खत तिथंच होतं. आपली जांभ्याची माती आंबट असते, चुलीतली राख मूठभर टाकली तर चालते पण ढीगभर नको, आधी माती तपासून घ्या. ते पण पोरांकडून करून घेता येतं : पाच सहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा वीतभर खोल खड्डा, कडेची माती खरवडून घ्यायची, सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, परत चार भाग, असं करत अर्धा किलो राहिली की सावलीत वाळवून पिशवीत.

कुणाला काय द्यायचं? मुलीला पालेभाजी द्या, माठ, मुळा, कारण माठ महिन्याभरात कापायला येतो आणि लहान पोराचा धीर तेवढाच असतो. माठात कोकण दुरंगी, चवळीत कोकण सदाबहार, ही दापोलीच्या आपल्या कोकण कृषी विद्यापीठाची वाणं आहेत, इथल्या पावसाला सरावलेली. मुलाला वेलाचा मांडव द्या. कारल्यात कोकण तारा, दोडक्यात कोकण हरिता, पडवळात कोकण श्वेता. मेच्या शेवटच्या आठवड्यात पिशवीत बी टाका, कारल्याचं बी कडक असतं ते रात्रभर भिजवून मग, आणि बी त्याच्या जाडीच्या दुप्पटच खोल, जास्त खोल गेलं तर वर येत नाही. रोपाला तीन चार पानं आली की आळ्यात लावा. कोवळ्या रोपांवर लाल भुंगे बसतात, सकाळी ते सुस्त असतात तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे, दोन चार रोपांसाठी औषध कशाला.

वेलांच्या बाबतीत एक गोष्ट पोरांना नक्की दाखवा, शाळेतल्या पुस्तकात चित्र असतं पण झाडावर कुणी दाखवत नाही. भोपळ्याचं मादी फूल उलटं करून बघितलं की मागे छोटुकला भोपळा असतो, नर फुलाला नुसता देठ. सलग पाऊस लागला की मधमाशा बाहेर पडत नाहीत आणि मग छोटे भोपळे पिवळे होऊन गळतात, लोक म्हणतात रोग पडला, तर रोग नाही, परागकणच पोचले नाहीत. अशा वेळी नर फूल तोडून पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या मधोमध अलगद फिरवायचा. भोपळा, काकडी, कारलं ही फुलं सकाळी उमलतात, तेव्हा शाळेत जायच्या आधी. दोडका मात्र संध्याकाळी उमलतो, दुधी तिन्हीसांजेला आणि पडवळ तर अंधार पडता पडता, तेव्हा त्यांच्याकडे बॅटरी घेऊन जावं लागतं. एकदा पोरानं हातानं धरवलेलं फळ मोठं झालं की तुम्हाला त्याला वाफ्याकडे जा असं सांगावं लागणार नाही.

फळमाशी येणारच. वेलभाजीला क्यू ल्यूरचा, म्हणजे माशीला वासानं ओढणाऱ्या गोळीचा, सापळा लावा, आंब्याला वापरतो ती गोळी वेगळी असते, दुकानात नीट सांगून घ्या. डंख बसलेली सडकी फळं मांडवाखाली ठेवू नका आणि उकिरड्यावर पण नको, हातभर खोल पुरा, नाहीतर त्यातूनच पुढची पिढी बाहेर येते. आणि दुधी चिरला की भाजीत टाकायच्या आधी जिभेला चिमूटभर लावून बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. कडू लागला तर आख्खा फेकायचा, कीव करायची नाही, रस तर अजिबात प्यायचा नाही, कडू दुधीनं माणसं दगावलीयत.

सासूबाईंना बियाणं द्या. हे काम त्यांच्याशिवाय कुणाला जमणार नाही आणि त्यांच्याकडून ते आत्ताच शिकून घ्यायला हवं. वेलावरचं पहिलं दुसरं चांगलं फळ बियाला राखायचं, शेवटचं उरलेलं नाही. पूर्वी काकडी भोपळ्याचं बी राखेत घोळून शेणानं भिंतीला थापायचे, आता भिंती सिमेंटच्या आहेत तर बी धुऊन सावलीत वाळवा, मग दोन चार दिवस सकाळचं कोवळं ऊन, आणि राख घालून काचेच्या कोरड्या बाटलीत घट्ट बंद. आपल्याकडची पावसाळी हवा हीच बियाची खरी शत्रू आहे, बाटली सारखी उघडू नका. बाटलीवर नाव आणि साल पोरांच्या अक्षरात. पाकिटावर एफ-1 किंवा हायब्रीड लिहिलेलं असेल तर त्याचं बी राखून उपयोग नाही, पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही. दोडका आणि घोसाळं शेजारी असतील तर बियात मिसळ होऊ शकते, लांब लावा.

एक वही पण ठेवा. पेरलं कधी, उगवलं कधी, किती ग्रॅम निघालं आणि त्या दिवशी बाजारात भाव काय होता. चौथीचं गणित त्यात आपोआप होतं, आणि दिवाळीला वही उघडली की मुंबईहून आलेल्या वडलांना पण कळतं घरात काय चाललंय.

पाणी : दिवाळीनंतर विहिरीचा अंदाज घेऊनच हिवाळी भाजी वाढवा, खाडीकाठची विहीर एप्रिलमधे मचूळ होते. मोरीचं पाणी केळी आणि अळूला सोडा, कच्च्या खायच्या पानांना नको. दोन मीटर लांब, दोन रुंद, एक खोल असा खड्डा करून जाड प्लास्टिक अंथरलं तर चार हजार लिटर मावतं, पण त्याला कुंपण आणि झाकण पाहिजेच, घरात लहान पोर असेल तर यात हयगय नको. भातखाचरात कापणीनंतर जी ओल राहते तिच्यावर वाल, कुळीथ येतो, त्याला वेगळं पाणी लागत नाही.

राजापूरच्या काका, वानरांवर रामबाण उपाय माझ्याकडे नाही आणि कुणी विकत असेल तर घेऊ नका. फटाके, आरसे, पुतळे, चार दिवस चालतात मग ती सरावतात. पीक बदला. हळद, आलं, सुरण, अळू, मिरची, कारलं याला ती फारसा हात लावत नाहीत, आणि काकडी, भोपळा घराला लागून, जिथं माणसाचा वावर आहे तिथंच. हळद आत्ता मे अखेर जूनमधे लावली की आठ नऊ महिन्यांनी पाला पिवळा पडून काढायला येते, शिवाय नागपंचमीला पातोळ्यांना पानं घरची. रानडुक्कर येत असेल तर कंद गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आतच लावा. आणि हात जोडून सांगतो, कुंपणात घरची वीज सोडू नका. ते बेकायदेशीर आहे आणि त्यात डुकराआधी आपलीच माणसं, गुरं जातात.

कोंबड्यांचं बऱ्याच जणांनी विचारलंय. आठ दहा कोंबड्या आणि एक कोंबडा, घराला अंडी पुरतात. यात खरं शिकायचं ते लसीचं. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग आला की आख्खं खुराडं दोन तीन दिवसात साफ होतं आणि तिला औषध नाही, लसच. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, पुढे आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस टोचून. लस बर्फातच आणायची, कालवली की तासा दोन तासात संपवायची, म्हणून वाडीतल्या चार घरांनी एकत्र आणली तर परवडते, गुरांच्या दवाखान्यात आधी विचारून ठेवा. संध्याकाळी मोजून खुराडं बंद करायचं काम एका पोराकडे कायमचं, रात्री साप येतात. ताजी विष्ठा थेट झाडाला घालू नका, मुळं जळतात, दोन तीन महिने कुजवून मग.

आता शेतीबाहेरचं वाटेल पण मी हे शेतीतच धरतो. पोरांना परड्यात पाठवताय तर पायात गमबूट पाहिजेत, पावसात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप होतो तो उंदराच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यातून, पायाला जखम असेल तर ती झाकून मगच चिखलात, आणि पावसाळ्यात अंग दुखून ताप आला तर दोन दिवस घरी काढा पीत बसायचं नाही, लगेच आरोग्य केंद्रात, आणि शेतात काम केलंय हे डॉक्टरांना सांगायचं. जांभ्या दगडाच्या राशीत फुरसं हा विषारी साप असतो, दगडाखाली हात घालायच्या आधी काठीनं हलवा. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही, तो अवयव न हलवता माणसाला थेट ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. मंत्र उतारा यात गेलेला वेळ परत मिळत नाही. हे पोरांना तोंडपाठ असलं पाहिजे, तसंच औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोण पण : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. फवारणी पोरांनी कधीच करायची नाही, रिकामी बाटली घरात दुसऱ्या कशालाही वापरायची नाही.

ट्रेनिंग हवं असेल तर किर्लोस, लांजा, रोहा, कोसबाड इथल्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, आणि जाताना एकट्यानं जाऊ नका, घरातल्या अजून एकाला न्या.

राहिल्या काकू. रातांबे आत्ताच घ्या, वळवाचा पाऊस लागला की फळ पाणचट होतं आणि आमसुलं वाळत नाहीत. लालभडक पिकलेले धुवून पुसून अर्धे करा. आगळाला, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाला, आतला गर आणि बिया काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत, किलोला साधारण दीड दोनशे ग्रॅम मीठ, रोज लाकडी चमच्यानं ढवळायचं आणि आठवड्यानं गाळून घ्यायचं. ॲल्युमिनियम, तांबं नको, आंबट आहे, धातू खातं. सालं वेगळी उन्हात घाला, थोडी सुकली की मीठ घातलेल्या रसात बुडवून परत उन्हात, असं चार पाच वेळा केलं की काळीभोर मऊ आमसुलं होतात, हे बुडवायचं काम नातवंडं आनंदानं करतील, फक्त जुने कपडे घाला, डाग जात नाही. गाळल्यावर राहिलेल्या बिया फेकू नका, धुवून खडखडीत वाळवा, फोडून आतला गर कुटा आणि पाण्यात उकळा, तेल वर तरंगतं आणि गार झालं की थिजतं, त्याचे गोळे वळून ठेवा, थंडीत टाचांच्या भेगांना वर्षभर पुरतील.