‘तुमचं आपापसातलं’ म्हणून शेठ सुटत नाहीत

प्रश्न : मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगला आहे. सुपरवायझर रात्री दहानंतर फोन करून ‘एकटी भेट’ म्हणतो. नाही म्हटल्यापासून मला सतत दुसरी पाळी लावतो. घरी पोचायला बारा वाजतात. शेठना सांगितलं तर म्हणाले, ‘तुमचं आपापसातलं आहे, कंपनीचा काय संबंध?’ ताई, खरंच नसतो का संबंध?
– एक भगिनी, वडोदरा

उत्तर : असतो, पुरेपूर असतो. पाळी लावायचा अधिकार त्या माणसाला शेठनीच दिलाय ना? तोच तो तुमच्यावर चालवतोय. नकाराचा वचपा कामातून काढणं हा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळच आहे, आणि ठेकेदारामार्फत लागलेल्या बाईलाही तो कायदा लागू आहे.

उद्या जेवणाच्या सुट्टीत नोटीस बोर्ड बघा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकाने अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे आणि तिच्या नेमणुकीचा आदेश दिसेल असा लावलाच पाहिजे. समितीची अध्यक्ष बाईच असते, एक सदस्य बाहेरचा असतो. समितीच नसेल तर शेठना 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तसं असल्यास कलेक्टर कचेरीत लेखी कळवा. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

शेवटच्या प्रसंगापासून 3 महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या. लिहायला जड जात असेल तर समितीनेच मदत करायची असते. त्यातच मागा, की चौकशी होईपर्यंत तुमच्या कामाचा शेरा त्याने लिहू नये. ‘तुम्हालाच दुसरीकडे पाठवतो’ म्हणतील. मी तर सांगेन, त्याला हलवा म्हणा. कायद्यात तीही सोय आहे.

फोनमधलं काही पुसू नका, पाळीपत्रकाचे फोटो काढून ठेवा. माझ्या एका अशिलाने कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवली होती. ती पानं समितीपुढे ठेवली तेव्हा समोरच्याला एका तारखेचंही उत्तर देता आलं नाही. आणि पुरावा थोडा कमी पडला, तरी तेवढ्यानं तक्रार खोटी ठरत नाही, ही भीती मनातून काढा.

कुणी पैसे घेऊन मिटवा म्हणालं तर नाही म्हणा, कायदा पैशावर समेट करू देत नाही. पोलिसांत जायचं ठरवलंत, तर त्यातही तुम्हाला मदत करणं शेठचं कर्तव्य आहे.