प्रादेशिक गाड्यांना रोज इतकी गर्दी असते, मग रेल्वेवाले डबे का वाढवत नाहीत?

डबे वाढवायला हवेत हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण त्याला वर्षे लागतात, आणि तोवर जे करता येण्यासारखे असते त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मी काही वर्षे अशा गाड्यांच्या वेळापत्रकाचे काम केले आहे, त्यामुळे या दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

आजच्या बऱ्याच प्रादेशिक गाड्या म्हणजे इंजिनामागे लावलेले सुटे डबे नसून कायम जोडलेल्या डब्यांचे संच असतात. तिथे एखादा डबा वाढवता येत नाही. अख्खा दुसरा संच जोडावा लागतो, आणि तो जोडला की लहान स्थानकांवर गाडी फलाटात मावत नाही. काही देशांत फलाटाबाहेर राहणारे दरवाजे बंद ठेवून यातून वाट काढतात. पैशांची अडचण वेगळीच आहे: केवळ गर्दीसाठी घेतलेला संच सकाळी एक-दोन फेऱ्या करतो, संध्याकाळी तेवढ्याच करतो आणि बाकी दिवसभर यार्डात उभा राहतो, पण त्याचा खर्च मात्र पुढची तीस-एक वर्षे सोसावा लागतो.

गर्दी मोजायची कशी, यावरही बरेच काही ठरते. जपानमध्ये प्रत्येकाला बसायला जागा किंवा धरायला कडी, दांडा मिळाला तर गाडी 100 टक्के भरली असे मानतात. 200 टक्क्यांना अंगाला अंग दाबले जाते आणि 250 टक्क्यांना हातसुद्धा हलवता येत नाही. ब्रिटनमधील जुना संकेत असा, की दोन थांब्यांमधले अंतर 20 मिनिटांहून अधिक असेल तर क्षमता म्हणून फक्त आसने मोजायची, उभ्या प्रवाशांची जागा धरायचीच नाही. प्रादेशिक गाड्यांसाठी मला हा दुसरा विचार अधिक न्याय्य वाटतो, कारण दहा मिनिटे उभे राहणे आणि पाऊण तास उभे राहणे यांची बरोबरी होऊच शकत नाही. दिवसभराची सरासरी काढली की हा पाऊण तास कागदावरून नाहीसा होतो.

खरे दुखणे मला फलाटावर उभे राहून कळले. एका स्थानकावर जिना फलाटाच्या अगदी टोकाला होता. गाडी थांबली, मधल्या डब्यांची चढउतार केव्हाच संपली, तरी जिन्यासमोरच्या दोन दरवाजांशी माणसे अजून एकमेकांना रेटत होती आणि त्या दोन दरवाजांसाठी सबंध गाडी खोळंबली होती. गाडीला असा उशीर झाला की पुढच्या स्थानकावर तेवढ्या वेळात आणखी प्रवासी जमतात, त्यांना चढायला आणखी वेळ लागतो, आणि मागून येणारी गाडी मात्र निम्मी रिकामी धावते. म्हणूनच दुमजली डबे हा मला सरसकट उपाय वाटत नाही. त्यांत आसने वाढतात, पण दरवाजे सहसा कमी असतात आणि आतले जिने अरुंद असतात. थांबे दूर असतील तर ते उत्तम, जवळजवळ असतील तर त्रासाचे.

भाड्याने गर्दी वळवता येते, पण एका मर्यादेपर्यंतच. जर्मनीने 2022 च्या जून ते ऑगस्टमध्ये स्थानिक आणि प्रादेशिक प्रवासासाठी महिन्याला 9 युरोचे तिकीट दिले, सुमारे 5 कोटी 20 लाख तिकिटे खपली आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटनस्थळांकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब भरल्या. गाड्या होत्या तेवढ्याच राहिल्या आणि मागणी एकदम वाढली, तर दुसरे काय होणार? उलट, गर्दीच्या वेळी भाडे वाढवले तर ज्याला वेळ बदलता येते तोच बदलतो. ज्याची कामाची पाळी ठरलेल्या वेळी सुरू होते, तो जास्त पैसे मोजून त्याच गर्दीत उभा राहतो. हे मला कधीच पटले नाही.

त्यामुळे तक्रार लिहिताना "गाड्यांना गर्दी असते" एवढेच लिहू नका. कोणती गाडी, कोणत्या स्थानकापासून, किती वेळ उभे राहावे लागते आणि कोणत्या टोकाचे डबे रिकामे जातात, हे आठवडाभर टिपून लिहा. अनेक नव्या गाड्यांत डब्याखालच्या हवेच्या स्प्रिंगांवर पडणाऱ्या भारावरून प्रत्येक डब्यातील गर्दीचा अंदाज येतो. तो तपासायला भाग पाडणारे पत्र बाजूला सारणे कठीण जाते. दुसरा जिना बांधणे किंवा एखादा संच कमी गर्दीच्या फेरीवरून काढून आपल्या गाडीला जोडणे, ही कामे नव्या गाड्यांची वाट न पाहता होऊ शकतात.