वजन घटवण्याच्या पॅकेजसाठी एसआयपी थांबवावी का?

साताऱ्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ३८ आणि वजन ७८ किलो आहे. धाकट्या मुलीच्या जन्मानंतर वाढलेले वजन सहा वर्षांत उतरलेले नाही आणि चार वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे. त्यांच्या नणंदबाई एका थेट विक्री कंपनीची उत्पादने विकतात. त्यांनी सहा महिन्यांचे ४८,००० रुपयांचे पॅकेज सुचवले असून त्यातून पंधरा किलो वजन कमी होईल असे सांगितले आहे. दरमहा ८,००० रुपयांच्या या पॅकेजात २,६०० रुपयांच्या 'फॅट बर्नर' कॅप्सूल, ९०० रुपयांच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या, ३,५०० रुपयांचा प्रोटीन शेक आणि १,००० रुपयांचा 'डिटॉक्स' चहा आहे. पैसे क्रेडिट कार्डावर सहा बिनव्याजी हप्त्यांत भरता येतील. पतिपत्नी मिळून हातात ६५,००० रुपये येतात आणि गृहकर्जाचा हप्ता व घरखर्च भागून ९,००० उरतात. त्यातले ५,००० मुलीच्या शिक्षणासाठीच्या एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या दरमहाच्या ठरावीक गुंतवणुकीत, जातात, ४,००० बाजूला राहतात. बँकेत ६०,००० आहेत आणि मार्चमध्ये आरोग्य विम्याचा २२,००० रुपयांचा हप्ता भरायचा आहे. सहा महिने एसआयपी थांबवून हे पॅकेज घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. 'आता माझ्यासाठी म्हणून काहीतरी करायचे आहे' असे तुम्ही लिहिले आहे, आणि ती इच्छा पूर्णपणे योग्य आहे. म्हणून पैसे वाचवा आणि वजनाचा विचार सोडा असे मी सांगणार नाही. मी डॉक्टर नाही. परंतु कोणत्याही खर्चाबाबत या रुपयाच्या बदल्यात नक्की काय हाती येणार हे विचारणे माझे काम आहे, आणि तो प्रश्न या चारही वस्तूंना एकेक करून विचारला तर माझे उत्तर 'हे पॅकेज घेऊ नये' असेच येते.

सगळ्यात मोठे आश्वासन कॅप्सूलबद्दल दिलेले आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो. तुम्ही पाठवलेल्या लेबलच्या छायाचित्रात गार्सिनिया कंबोजिया आणि ग्रीन टीचा अर्क ही दोन मुख्य द्रव्ये दिसतात. गार्सिनिया कंबोजिया म्हणजे आपल्या कोकणातल्या रातांब्याच्या कुळातले फळ, जे केरळात माशांच्या कालवणात आंबटपणासाठी घालतात. त्यातल्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाने चरबी तयार होण्यास अडथळा येतो, अशी कल्पना होती. ती माणसांवर तपासण्यासाठी अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर बारा आठवड्यांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने आणि नुसत्या निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांचे ४.१ किलोने कमी झाले. दोन्ही गटांना सारखाच कमी उष्मांकाचा आहार दिला होता, म्हणजे वजन आहारामुळे उतरले, कॅप्सूलमुळे नाही. पुढे २०११ मध्ये अशा अनेक चाचण्यांची एकत्रित तपासणी झाली, तेव्हा सरासरी फरक सुमारे ०.९ किलो निघाला, आणि फक्त काटेकोर चाचण्या विचारात घेतल्यावर तोही ठामपणे सांगण्याजोगा राहिला नाही.

विक्रेत्याच्या सर्वांत सोयीचा आकडा खरा धरला तरी तीन महिन्यांच्या कॅप्सूलचे ७,८०० रुपये आणि त्यातून ०.९ किलो, म्हणजे किलोमागे जवळजवळ ८,७०० रुपये पडतात. या दराने पंधरा किलोंचा हिशेब केला तर तो तुमच्या घराच्या आवाक्यातला नाही, आणि हाही दर मिळेलच याची खात्री नाही. ग्रीन टीच्या अर्काची गोष्ट याहून वेगळी नाही. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या समीक्षेत जपानबाहेरच्या चाचण्यांमध्ये वजनातला फरक नगण्य आढळला. उलट युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये असे नोंदवले आहे की या अर्कातला मुख्य घटक गोळ्यांवाटे दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक गेल्यास यकृतावर ताण आल्याची लक्षणे रक्ततपासणीत दिसू लागतात. कपभर हिरवा चहा पिण्याला ही भीती लागू नाही, ती दाट केलेल्या अर्काची आहे.

जीवनसत्त्वांबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण 'व्हिटॅमिन आहे, निदान अपाय तरी नाही' या समजुतीवर बरेच पैसे खर्च होतात. शरीरात एखादे जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढणे आवश्यकच आहे. शाकाहारी घरांत बी १२ ची आणि आपल्याकडे सर्वत्रच डी जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते. मात्र कमतरता भरून निघाल्याने थकवा कमी होईल, चालायला उत्साह वाटेल. चरबी त्याने उतरत नाही. अमेरिकेत ३६,००० हून अधिक स्त्रियांवर सात वर्षे चाललेल्या एका अभ्यासात कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व घेणाऱ्या व न घेणाऱ्या गटांच्या सरासरी वजनात केवळ ०.१३ किलोचा फरक पडला, म्हणजे १३० ग्रॅम. त्या स्त्रिया तुमच्यापेक्षा वयाने मोठ्या होत्या हे खरे, पण इतक्या मोठ्या आणि प्रदीर्घ अभ्यासातून इतकाच फरक निघत असेल, तर महिन्याला ९०० रुपयांच्या गोळीकडून वजनाची अपेक्षा ठेवण्यास आधार उरत नाही.

तुमच्या बाबतीत अपाय नाहीच असेही म्हणता येत नाही. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम असलेली मल्टिव्हिटॅमिन गोळी यांत सुमारे चार तासांचे अंतर ठेवावे लागते, नाहीतर थायरॉइडचे औषध नीट शोषले जात नाही. केसांसाठी म्हणून अशा गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर घातलेले असते आणि त्यामुळे थायरॉइडच्या रक्तचाचणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. चुकीच्या आकड्यावरून औषधाची मात्रा बदलली, तर वजन, तब्येत आणि पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या तपासण्यांचा खर्च अशी तिन्ही बाजूंनी हानी होते. सकाळी उठल्या उठल्या गोळी, मग नाश्त्यासोबत शेक आणि मल्टिव्हिटॅमिन असे जे वेळापत्रक तुम्हाला लिहून दिले आहे, ते तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक दिवसही सुरू करू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

शेकबद्दल न्याय्य बोलायचे तर एका जेवणाऐवजी शेक घेतला आणि त्यामुळे दिवसाचे एकूण उष्मांक कमी झाले, तर वजन उतरू शकते. परंतु तो परिणाम कमी खाण्याचा आहे. तीस मापांच्या डब्याला ३,५०० म्हणजे एका पेल्याला ११७ रुपये पडतात, आणि लेबलनुसार त्यात दहा ग्रॅम प्रथिने आहेत. तुमच्या घरात अंडी चालतात असे तुम्ही लिहिले आहे. दोन अंड्यांतून बारा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि खर्च पंधरा-सोळा रुपयांच्या घरात राहतो. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीऐवजी दही आणि फळे, आणि इतर दिवशी वाटीभर मटकीची उसळ वाढवून एक चपाती कमी करणे, हा बदल शेकपेक्षा कमी परिणामकारक ठरेल असे मानण्याचे कारण मला दिसत नाही. चहाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. अशा चहात बहुधा सोनामुखीसारखे रेचक असते, त्याने शरीरातले पाणी कमी होते आणि काटा दोन दिवस खाली दिसतो.

आता कायद्याची बाजू पाहू, कारण 'सरकारमान्य आहे' असे तुम्हाला सांगितले गेले आहे. लेबलवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक हा अन्नपदार्थ बनवण्याचा किंवा विकण्याचा परवाना आहे; त्या कॅप्सूलने वजन उतरते असे कोणी तपासून प्रमाणित केल्याचा तो दाखला नव्हे. २०१६ च्या नियमांनुसार अशा उत्पादनावर 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे. तुमच्या छायाचित्रात हे दुसरे वाक्य तळाशी बारीक अक्षरात आहे. ते शब्द निर्मात्याने स्वतः छापले आहेत, तेव्हा पंधरा किलोंचे तोंडी आश्वासन त्यांच्याशी ताडून पाहावे. शिवाय वजन घटवण्याच्या गोळ्यांत न सांगता औषध मिसळल्याची उदाहरणे जगभर सापडली आहेत. सिब्युट्रामीन हे भूक मारणारे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका व युरोपातून मागे घेतले गेले आणि २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली, पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाला ते त्यानंतरही कित्येक 'नैसर्गिक' उत्पादनांत आढळले. तुमच्या पॅकेजात तसे काही आहे असे मी म्हणत नाही. घरी बसून ते ओळखण्याचा मार्ग तुमच्यापाशी नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

पैशांच्या बाजूने मला सर्वांत जास्त काळजी तुमच्या बँकेतल्या ६०,००० रुपयांची वाटते. तुमच्या घराचा महिन्याचा एकूण खर्च ५६,००० आहे, म्हणजे दोघांचेही पगार थांबले तर हाताशी धड सव्वा महिन्याचीही सोय नाही. पॅकेज घेतल्यास दरमहा उरणाऱ्या ९,००० पैकी ८,००० कार्डाच्या हप्त्यात जातील, सहा महिन्यांत हाती जेमतेम ६,००० साचतील आणि विम्याच्या हप्त्यासाठी १६,००० बँकेतल्या ६०,००० मधून काढावे लागतील. एसआयपीचे थांबवलेले ३०,००० रुपये, दहा टक्के परतावा गृहीत धरला तर (तो निश्चित नसतो), मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत सुमारे ९४,००० झाले असते. तरीही मी एसआयपीपेक्षा विम्याला आधी ठेवतो. स्थूलता आणि थायरॉइड असलेल्या घरात पॉलिसी खंडित होऊ देणे परवडत नाही, कारण खंड पडला तर जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते.

पॉलिसीच्या कागदपत्रात 'एक्सक्लूजन', म्हणजे विम्यातून वगळलेल्या गोष्टी, या भागात चौदाव्या संकेतांकापुढे पाहा. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणारी जीवनसत्त्वे, खनिजे आणि पूरक आहार यांचा खर्च विम्यात मिळत नाही असे तिथे लिहिलेले असते, तेव्हा हे ४८,००० पूर्णपणे तुमच्या खिशातूनच जातील. तसेच २२,००० हा आकडा सप्टेंबर २०२५ च्या आधीच्या पावतीवरचा असेल तर त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असेल. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा तो कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. मात्र कंपनीने मूळ हप्ता वाढवलेला असू शकतो, म्हणून मी हिशेबात २२,००० च ठेवले आहेत.

'बिनव्याजी' या शब्दाबद्दलही सावध राहावे. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज किमतीत मिसळलेले असते, प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी वेगळा लागतो, आणि एक हप्ता चुकला तर कार्डाचे व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. सगळ्यात अडचणीचे म्हणजे दुसऱ्या महिन्यात त्रास होऊन गोळ्या बंद केल्या तरी हप्ते सहाव्या महिन्यापर्यंत चालूच राहतात.

मग तुमच्यासाठी म्हणून काय करावे? एसआयपी चालू ठेवा आणि बाजूला राहणाऱ्या ४,००० मधून सहा महिन्यांत जे २४,००० जमतील त्यातून असा खर्च करा. थायरॉइड, साखर, चरबी, बी १२ आणि डी यांच्या तपासण्यांना अंदाजे ३,०००, डॉक्टरांच्या दोन भेटींना १,६००, पात्रताधारक आहारतज्ज्ञाच्या चार भेटींना ३,२००, चालण्याच्या चांगल्या बुटांना २,५०० आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला ५००. एकूण १०,८०० होतात आणि १३,२०० विम्याच्या हप्त्यासाठी उरतात. बँकेतून फक्त ८,८०० काढावे लागतात. तपासणीत एखादे जीवनसत्त्व कमी निघाले तर डॉक्टर लिहून देतील त्या गोळ्यांचा खर्च पॅकेजच्या तुलनेत फारच थोडा असतो. उद्दिष्ट पंधरा किलोंचे ठेवू नका. वजनाच्या पाच टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत चार किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाबावर चांगला परिणाम दिसू लागतो, आणि सहा महिन्यांत ते साध्य होण्याजोगे आहे. तेवढ्याने भागले नाही आणि डॉक्टरांना गरज वाटली तर वजनावरची खरी औषधे आहेत. ती चिठ्ठीवर मिळतात, महाग असू शकतात आणि त्यांचा हिशेब आपण तेव्हा स्वतंत्रपणे मांडू.

राहिला प्रश्न नणंदबाईंचा, आणि तो लहान नाही हे मी जाणतो. त्यांनी तुम्हालाही विक्रेती होऊन सवलतीत माल घेण्याचे सुचवले आहे, त्याला नकार द्या. जो माल स्वतःच्या अंगी लागेल की नाही हे ठाऊक नाही, तो शेजारणीला विकण्याची जबाबदारी अंगावर घेऊ नका. पॅकेजबाबत 'थायरॉइडचे डॉक्टर नको म्हणाले' असे सांगता येईल. मात्र आधी खरोखरच त्यांना विचारा, म्हणजे ते खोटे ठरणार नाही. आणि नात्याखातर काही घेणे भागच असेल तर शेकचा एकच डबा रोख ३,५०० देऊन, डॉक्टरांना लेबल दाखवून घ्या आणि तो खर्च वहीत देण्याघेण्याच्या खात्यात लिहा. दिवाळीच्या आहेराच्या अंदाजपत्रकातून तेवढी रक्कम वजा केली की मार्चच्या हप्त्याला धक्का लागत नाही.